व्हिसाचे तीन रकाने : सायगॉन ते अंगकोर आणि परत

आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे आता बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर या स्थळांची यात्रा करतात. त्याच फेरीत गोरखपूरवरून सोनौलीला जाऊन लुंबिनीचेही दर्शन घेतात. सोनौलीची कमान ओलांडली की नेपाळ. बस पुढे पंचवीसेक किलोमीटर जाते, मंडळी लुंबिनी पाहतात आणि संध्याकाळी परत भारतात येतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्या माणसाला तेथे व्हिसा लागत नाही. त्यामुळे सकाळी गेलो, संध्याकाळी आलो, पुन्हा गेलो, तरी कोणी हिशेब विचारीत नाही. परिणामी परदेश म्हणजे एक मोठे फाटक, एकदा परवानगी मिळाली की त्यातून कितीही वेळा ये-जा करावी, अशी समजूत आपल्या मनात बसते. इतर देशांच्या बाबतीत ही समजूत महागात पडते. ती कशी, हे सांगण्यासाठी आमच्या व्हिएतनाम-कंबोडियाच्या प्रवासाची हकिकत येथे देत आहोत.

आम्ही एकाच वसाहतीतील अकरा जण. कोणी नगरपालिकेत, कोणी गोदीत, कोणी शाळेत शिपाई, दोघी अंगणवाडी सेविका. तीन वर्षे भिशी लावून दरमहा दोन हजार रुपये बाजूला टाकले तेव्हा हा प्रवास झाला. बेत बारा दिवसांचा. मुंबईहून विमानाने हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुने सायगॉन. तेथून बसने कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह, पुढे सिएम रीप येथे अंगकोरची मंदिरे. मग त्याच रस्त्याने परत सायगॉनला यायचे आणि मुंबईचे विमान पकडायचे. बेत सरळ होता. पण कागदाच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट दडलेली होती. व्हिएतनाममध्ये आम्ही दोनदा शिरणार होतो : एकदा विमानाने, एकदा बसने.

व्हिएतनामचा ई-व्हिसा दोन प्रकारचा असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळू लागला, आणि त्याच दिवसापासून त्यात सिंगल एंट्री की मल्टिपल एंट्री हे निवडण्याची सोय झाली. सिंगलची फी २५ डॉलर, मल्टिपलची ५० डॉलर. अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही. आमच्या नऊ जणांचे अर्ज वसाहतीतच, एका मुलाच्या लॅपटॉपवर, सरकारी संकेतस्थळावरून भरले आणि सर्वांचे मल्टिपल मागितले. उरले दोघे नवरा-बायको. ते शेवटच्या महिन्यात आमच्यात सामील झाले. त्यांचे काम त्यांच्या मेहुण्याच्या ओळखीच्या एका एजंटकडे होते, आणि त्याने बंद पाकीट निघायच्या रात्री विमानतळावरच त्यांच्या हातात दिले.

सायगॉनला पोहोचलो तो शनिवार. शहर मोठे, गजबजलेले, आणि स्कूटरींचा लोंढा असा की रस्ता ओलांडताना आम्ही एकमेकांचे हात धरीत होतो. फ्रेंचांच्या काळात, १८९१ साली पूर्ण झालेले मध्यवर्ती टपाल कार्यालय आजही चालू आहे. तेथून आम्ही घरी पोस्टकार्डे टाकली. युद्धावशेषांच्या संग्रहालयात अमेरिकी युद्धाची छायाचित्रे आहेत. ती बघताना आमच्यातल्या दोन बायका बाहेर येऊन बाकड्यावर बसल्या. रविवारी सकाळी आम्ही न्गुयेन दिन्ह चिउ रस्त्याच्या चौकात गेलो. याच चौकात ११ जून १९६३ रोजी थिच क्वांग डुक या भिक्खूने, बौद्धांना दुय्यम वागणूक देणाऱ्या दिएम सरकारच्या निषेधार्थ, पद्मासनात बसून स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे. आजूबाजूला रहदारी थांबत नाही, पण त्या कोपऱ्यात उदबत्त्या जळत असतात आणि शाळेतली पोरे दप्तर सावरीत क्षणभर हात जोडून पुढे जातात. आम्हीही तसेच उभे राहिलो. कोणी बोलले नाही.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत आम्ही सर्वांचे कागद एका पलंगावर मांडले. मंगळवारी सरहद्द ओलांडायची होती आणि हिशेबाच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने आखले होते : तारीख, दिवस, प्रवेश. नऊ जणांच्या तिसऱ्या रकान्यात ‘मल्टिपल’ आले. काका-काकूंच्या कागदावर मात्र ‘सिंगल’ छापलेले होते.

आता या तीन रकान्यांविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सगळी गफलत तेथेच होते.

पहिला रकाना मुदतीचा. व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, हे त्यात असते. दुसरा रकाना मुक्कामाच्या दिवसांचा. देशात शिरल्यावर किती दिवस राहता येईल, हे त्यात असते. या दोन्ही गोष्टी एकच, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. उदाहरणार्थ, कंबोडियाचा पर्यटक ई-व्हिसा मिळाल्या तारखेपासून तीन महिने वापरता येतो, पण एकदा शिरल्यावर मुक्काम ३० दिवसांचाच. ‘तीन महिन्यांचा व्हिसा आहे’ म्हणून कोणी दोन महिने राहिला, तर तो दंडास पात्र ठरतो. तिसरा रकाना प्रवेशांचा. मुदत आणि दिवस शिल्लक असले, तरी प्रवेश संपले की व्हिसा संपला. सिंगल म्हणजे एक वेळ आत येणे. आत येऊन एकदा बाहेर पडलात, भले दोन तासांसाठी शेजारच्या देशात गेलात, तरी तो कागद संपला. मल्टिपल म्हणजे मुदतीत पुन्हा पुन्हा आत येता येते. काही देश मधला प्रकारही देतात, दोन प्रवेशांचा.

आम्ही हे समजावून सांगू लागलो तेव्हा काकांनीच हात वर करून आम्हांस थांबवले. काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. एकतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांची तिकिटे तपासली. ते काकूंना म्हणाले, “अगं, सोपं आहे. उतरलं की तिकीट संपलं. तारीख आजचीच असली म्हणून त्याच तिकिटावर परत चढू देतो का कंडक्टर? आपलं तिकीट साधं आहे. ह्यांचे पास आहेत.”

यापेक्षा नेमके आम्हांलाही सांगता आले नसते. काकू मात्र गप्प झाल्या. मग एवढेच म्हणाल्या, “मग तुम्ही जाऊन या. आम्ही दोघं इथंच थांबतो.”

त्या रात्री आम्ही तीन मार्ग कागदावर लिहिले. पहिला, दोघांनी सायगॉनमध्येच आठ दिवस थांबायचे. हॉटेलचा खर्च वेगळा, भाषा येत नाही, आणि ज्याच्यासाठी तीन वर्षे पोटाला चिमटा काढला ते अंगकोर राहून जाणार. दुसरा, कंबोडियात यायचे आणि तेथूनच तिसऱ्या एखाद्या देशामार्गे मुंबईला जायचे. त्या तिकिटाचा दर विचारला तेव्हा तो आमच्या परतीच्या तिकिटाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. शिवाय सायगॉनहून काढलेले तिकीट बुडणार. तिसरा, कंबोडियात गेल्यावर व्हिएतनामचा नवा ई-व्हिसा मागायचा. हा अर्ज व्हिएतनामबाहेर असलेल्या परदेशी माणसासाठी असतो, म्हणून तो सायगॉनमध्ये बसून करून भागणार नव्हते. मंगळवारी रात्री नॉम पेन्हहून अर्ज केला, तर तीन कामाचे दिवस धरून शुक्रवारी उत्तर यायला हवे. त्यानंतर शनिवार-रविवार कचेऱ्या बंद. पुढच्या मंगळवारी आम्हांला सरहद्दीवर उभे राहायचे होते. वेळ होती, पण काठावरची होती.

काकांनी तिसरा मार्ग निवडला. काकूंचा होकार आला नाही आणि नकारही आला नाही.

मंगळवारी सकाळी बस निघाली. मोक बाई हे व्हिएतनामकडचे ठाणे, बावेत हे कंबोडियाकडचे. मोक बाईला सर्वांना खाली उतरावे लागते. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने काकांच्या पारपत्रावर बाहेर पडल्याचा शिक्का मारला. तो ठक्क असा आवाज आम्ही सर्वांनी ऐकला. त्या क्षणी त्यांचा व्हिएतनामचा कागद कोरा झाला. बावेतला आमचे कंबोडियाचे ई-व्हिसे तयारच होते. कंबोडियाचा पर्यटक व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो, पण कंबोडियात आम्ही एकदाच शिरणार होतो, म्हणून तेथे सिंगल पुरेसा होता. हेही लक्षात घेण्यासारखे आहे. सिंगल व्हिसा म्हणजे वाईट व्हिसा नव्हे. ज्याचा रस्ता एकदाच आत आणि एकदाच बाहेर असा आहे, त्याने जास्तीचे पैसे भरण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न रस्त्याचा आहे.

नॉम पेन्हच्या वाटेवर नेआक लुआंग येथे मेकाँग नदीवर जपानच्या मदतीने बांधलेला मोठा पूल आहे. २०१५ साली तो खुला झाला. त्याआधी सगळ्या गाड्यांना तराफ्याची वाट पाहत थांबावे लागे. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलो आणि सर्वांत आधी काका-काकूंचे दोन अर्ज भरले. अर्जात प्रवेशाचे ठिकाण विचारतात. तेथे विमानतळ न लिहिता मोक बाई लिहिले, कारण आता ते बसने शिरणार होते.

दुसऱ्या दिवशी तुओल स्लेंग पाहिले. ती मूळची शाळा. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने तिचा तुरुंग केला. वर्गांच्या भिंतींवर कैद्यांची छायाचित्रे रांगेने लावलेली आहेत. त्यात बायका आहेत, पोरेही आहेत. आमच्यातले शाळेतले शिपाईभाऊ फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “शाळेची घंटा तशीच असते हो, सगळीकडे.” या देशाने किती सोसले आहे, हे कळल्यावर रस्त्यावरच्या लोकांचे हसरे चेहरे आम्हांला वेगळे दिसू लागले.

गुरुवारी सिएम रीपला पोहोचलो. अंगकोरचे तिकीट घेताना आम्हांला पुन्हा तेच रकाने भेटले, आणि त्याचे हसू आले. एक दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. पासावर आपला फोटो छापतात. तीन दिवसांचा पास दहा दिवसांच्या मुदतीत कोणतेही तीन दिवस वापरता येतो. काकू लगेच म्हणाल्या, “म्हणजे मुदत दहा, दिवस तीन.” त्यांना आता कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

अंगकोर वाट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी बांधले. पुढे ते बौद्धांचे स्थान झाले आणि आजही तेथे काषाय वस्त्रातील भिक्खू दिसतात. सभोवतालचा खंदक जवळजवळ १९० मीटर रुंद आहे. पहाटे त्याच्या काठावर उभे राहिले की पाण्यात उलटे मंदिर दिसते. कंबोडियाच्या ध्वजावर हेच मंदिर आहे. १९८६ ते १९९३ या काळात, तेथे पुरती शांतता नसताना, आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी या मंदिराच्या डागडुजीचे काम केले. पुढे ता प्रोह्म या मंदिराचे कामही भारताकडे आले. ता प्रोह्म म्हणजे ज्याच्या भिंतींना प्रचंड झाडांच्या मुळांनी वेढले आहे ते. ते बांधणारा सातवा जयवर्मन हा बौद्ध राजा. तेथील ११८६ सालच्या शिलालेखात त्याच्या राज्यातील १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. मोठी मंदिरे पुष्कळ राजांनी बांधली. पण दगडावर रुग्णालयांची संख्या कोरून ठेवणारा राजा आम्हांला विशेष वाटला. बायोन मंदिराच्या मनोऱ्यांवरचे शांत, किंचित हसरे चेहरे त्याच्याच काळातील.

त्या चेहऱ्यांखाली शुक्रवारी संध्याकाळी आमचे अकराही जण एका मोबाईलकडे बघत बसले होते. अर्जाची स्थिती पाहिली, तर ‘काम चालू’. कचेरीची वेळ संपली. शनिवार, रविवार काहीच येणार नव्हते. हे दोन दिवस काकूंनी अंगकोर पाहिले असे म्हणता येणार नाही. त्या आमच्याबरोबर पायऱ्या चढत, फोटोला उभ्या राहत, पण दर अर्ध्या तासाने “बघ रे बाबा, आलं का,” असे विचारीत. रविवारी दुपारी एका ओवरीत बसून त्या म्हणाल्या, “निवृत्तीचे पैसे घातलेत यात. देव-देवळं आपण करत नाही, तरी इथं यायचं होतं. एवढी मोठी इमारत माणसांनी कशी बांधली ते बघायचं होतं. आणि बघते आहे काय, तर मोबाईल.”

एजंटने वाचवले ते माणशी २५ डॉलर. नव्या व्हिसाला लागले माणशी २५ डॉलर. २५ आणि २५ मिळून ५०, म्हणजे मल्टिपलचीच किंमत. जमा-खर्चाच्या वहीत काका-काकूंचा तोटा शून्य दिसतो. पण बारा दिवसांच्या प्रवासातले त्यांचे जवळजवळ आठ दिवस चिंतेत गेले, आणि त्यासाठी वहीत रकाना नसतो.

सोमवारी नॉम पेन्हकडे परतताना, रस्त्यावरच्या एका खाणावळीत बस थांबली असता, दोन्ही व्हिसे मंजूर झाल्याचे दिसले. काकांनी आधी दोन्ही कागदांवरचा तिसरा रकाना वाचला, मगच काकूंना सांगितले. त्या रात्री नॉम पेन्हला एका दुकानातून दोन-दोन प्रती काढल्या. मंगळवारी मोक बाईच्या खिडकीत आमचे नऊ जण जुन्याच व्हिसावर आणि काका-काकू नव्या व्हिसावर आत शिरले. बुधवारी सर्व अकरा जण मुंबईच्या विमानात होते.

हा प्रश्न केवळ व्हिएतनामचा नाही. आता आपल्यातील काही मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी युरोपात व इंग्लंडात आहेत आणि आई-वडिलांना बोलावून घेतात. तेथेही हाच पेच येतो. पॅरिसला उतरले, मुलाला भेटायला लंडनला गेले आणि परतीचे विमान पुन्हा पॅरिसहूनच असले, तर इंग्लंडचा व्हिसा वेगळा लागतो, आणि शेंगेन देशांत दोनदा शिरावे लागते. शेंगेन व्हिसाच्या चिकटपत्रिकेवर प्रवेशांच्या जागी १, २ किंवा ‘मल्ट’ असे असते. तेथे १ असेल, तर लंडनहून पॅरिसला परतण्याची वाट बंद. विशेष म्हणजे या व्हिसाची फी प्रवेशांच्या संख्येवर ठरत नाही. जून २०२४ मध्ये ती मोठ्या माणसांसाठी ९० युरो झाली, मग प्रवेश एक असो की अनेक. म्हणून अर्जातच आपला रस्ता नीट लिहावा आणि लागतील तेवढे प्रवेश मागावेत. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी नियम सैल केला : आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरणाऱ्यास दोन वर्षांचा मल्टिपल व्हिसा मिळू शकतो. पण मल्टिपल असला तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. प्रवेश कितीही, दिवस मात्र मोजकेच. पुन्हा तोच दुसरा रकाना.

तेव्हा परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या कुटुंबांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, व्हिसाआधी नकाशा. एका कोऱ्या कागदावर आपला रस्ता बाणांनी काढावा आणि प्रत्येक देशाच्या सीमेतून आत जाणारे बाण मोजावेत. एखाद्या देशात दोन बाण शिरत असतील, तर तेथे सिंगल चालणार नाही. त्याच विमानतळावरून परतीचे तिकीट स्वस्त पडते म्हणून घेतो, आणि दुसरा बाण तेथेच तयार होतो.

दुसरी, एजंटला ‘व्हिसा काढून द्या’ एवढेच सांगू नये. ‘या देशात आम्ही दोनदा शिरणार आहोत’ असे लेखी द्यावे आणि पावतीवर प्रकार लिहून घ्यावा. कागद निघायच्या रात्री नव्हे, निदान पंधरा दिवस आधी हातात मागावा. सरकारी फी किती आणि एजंटची किती, हे वेगवेगळे विचारावे. तो अधिकार पैसे भरणाऱ्याचा आहे.

तिसरी, कागद हातात आला की नाव, पारपत्राचा क्रमांक, जन्मतारीख, मुदत, दिवस, प्रवेश आणि प्रवेशाचे ठिकाण या सात गोष्टी बोट ठेवून वाचाव्यात. इंग्रजी येत नसेल, तर घरातल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्याव्यात. पारपत्राची मुदत प्रवासानंतरही सहा महिने शिल्लक आहे ना, हेही पाहावे.

चौथी, नियम बदलतात. गेल्या वर्षी शेजारी गेला तेव्हा असे होते, यावर विसंबू नये. सरहद्दीही बदलतात. थायलंड व कंबोडिया यांच्यात २०२५ साली चकमकी झाल्या आणि त्यांच्यातली जमिनीवरची ठाणी बंद झाली. तो रस्ता धरून बेत आखलेल्यांना सगळे पुन्हा जुळवावे लागले. म्हणून अर्जाच्या आठवड्यात त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघावे.

आपला पैसा घामाचा आहे. तो भरताना जो कागद मिळतो, तो दुसऱ्याच्या भरवशावर घडी करून पाकिटात ठेवण्यासाठी नाही. काका आता वसाहतीत कोणी परदेशी निघाले की स्वतः जाऊन त्यांचे कागद मागतात, चष्मा चढवतात आणि तिसऱ्या रकान्यावर पेन्सिलीने खूण करतात. जुन्या सवयीने ती खूण अगदी पंच केल्यासारखी दिसते.